तुझ्याकडे अजून अर्धा तास

राजमहेंद्रवरम (राजमुंद्री), आंध्र प्रदेश,
डिसेंबरचा दुसरा रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रोज तोच फोटो काय पाठवतेस?" तेव्हा काउंटरसमोर रांग होती, म्हणून काही न बोलता फोन ठेवला. पण ते मनातून जाईना. आज सुट्टी आहे, तर निवांत लिहिते.

तो तोच फोटो नसतो रे. जूनमध्ये बदली होऊन मी इथे आले, तेव्हा गोदावरीच्या घाटाच्या या पायरीवर बसलं की सूर्य उजव्या हाताला, उघड्या पाण्यावर बुडायचा. मग रोज थोडा थोडा डावीकडे सरकत गेला. आता तो पार रेल्वेच्या कमानींच्या पुलामागे जातो. जूनपासून डिसेंबरपर्यंत इथे त्याची बुडायची जागा जवळजवळ 50 अंश हलते. हात लांब करून मूठ धरलीस की एक मूठ साधारण 10 अंश, म्हणजे पाच मुठी. मी खरंच मोजून पाहिलं. पुलाला 28 कमानी आहेत, एकेक जवळजवळ शंभर मीटरची. हा पूल 1997 मध्ये सुरू झाला आणि 1900 सालच्या हॅवलॉक या जुन्या रेल्वे पुलाला विश्रांती मिळाली. गेला आठवडाभर सूर्य अकराव्या कमानीतच बुडतोय, कारण या दिवसांत तो जवळपास थबकलेला असतो. 22 तारखेनंतर मागे फिरेल. माझे फोटो ओळीने लावून बघ, तुला तो चालताना दिसेल.

सुरुवातीला मीही चुकले. सूर्याची कडा पाण्याला टेकल्यापासून तो पुरता जाईपर्यंत दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. तेवढ्यात वीस-पंचवीस फोटो काढायचे आणि घरी निघायचं. एकदा चप्पल सापडेना म्हणून थांबले, तर पंधरा मिनिटांनी वरचे ढग खालून पेटल्यासारखे झाले. सूर्य खाली गेला तरी उंचावरच्या ढगांना तो दिसतच असतो. तेव्हापासून मी अंधार पडेपर्यंत उठत नाही. आणखी एक, मोबाइलवर आकाशाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढायचा, नाहीतर सगळा रंग पांढरा पडतो. नुसता सूर्यही घेऊ नकोस. एखादी नाव आडवी येईपर्यंत थांब. इथे नावेला 'पडव' म्हणतात, आपल्या कोकणातल्या पडावासारखंच. कोळी उभ्याने वल्हवतात, त्यांची सावली सोन्यावर काळी उमटते. ती मला सूर्याहून जास्त आवडते.

पाणी मात्र तुला दाखवायलाच हवं. आपल्याकडे नाशिकला याच गोदावरीला गंगा म्हणतात, तिथे रामकुंडावर उभं राहिलं की पलीकडचा माणूस ओळखू येतो. इथे पलीकडे कोव्वूर आहे, पण गाव म्हणजे झाडांची एक रेघ. खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनिअरने 1852 मध्ये बंधारा पूर्ण केला. आता तिथे नवीन बॅरेज आहे, आणि त्याच्या अडवण्याने पाणी इथवर तुंबून संथ असतं. वारा पडला की सूर्याखाली दुसरा गोल सूर्य दिसतो. वारा सुटला की लाटांच्या उतारांवरून उजेडाचा लांब पट्टा थेट माझ्या पायरीपर्यंत येतो. ऑगस्टमध्ये मात्र पाणी तांबडं होतं, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. तुम्ही तिकडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून पूर मोजत होतात, आणि इथे 10 लाख क्युसेकला, म्हणजे सेकंदाला 10 लाख घनफूट पाणी वाहू लागलं की, पहिला इशारा देतात. त्या आठवड्यात मी एकही फोटो पाठवला नाही. इतकं पाणी बघून तुमची सगळ्यांची फार आठवण येत होती.

आता खरं सांगते, तुला रोज का पाठवते. आपल्या देशाची वेळ ज्या 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, तो इथून फार लांब नाही. नाशिक इथून पश्चिमेला आठ अंश आहे. म्हणून इथे साडेपाचला सूर्य बुडतो तेव्हा तुझ्याकडे तो अजून आकाशात असतो, सुमारे अर्धा तास. माझा फोटो तुला मिळतो तेव्हा तोच सूर्य तुझ्या खिडकीबाहेर असतो, आणि तू पुस्तकात किंवा फोनमध्ये मान घालून बसलेला असतोस. बाबा सांगतात मला.

उद्या फोटो आला की उत्तर पाठवू नकोस. जिना चढून गच्चीवर जा. बाबांनाही घेऊन जा, त्यांचे गुडघे दुखतात तर हात दे. सहाच्या आत पोहोच. पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहा आणि तुझा फोटो मला पाठव. मी तेव्हा पायरीवरच असेन.

तुझी,
आई