तलावावर वर्षं काढलेल्या माणसाचं पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोळंबीचे हाल कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या संस्थेत तू काम करतेस. परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इतकी वर्षं तुम्ही कोळंबीशेतीच्या तलावावर काढलीत. कोळंबीला दुखतं असं कधी वाटलं का?" मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन आईच्या हातात दिला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

वाटलं होतं. बऱ्याचदा वाटलं. आणि ते मनातून बाजूला सारून मी काम करत राहिलो.

तुला एक पहाट सांगतो. तलावातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र तेही सगळ्यांसारखं श्वास घेतं, त्यामुळे उजाडायच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायूचा आकडा गेला की आमची झोप उडायची. त्या रात्री एका तलावाच्या एरेटरची, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची, मोटर जळाली आणि ते कळेपर्यंत दोन-अडीच तास गेले होते. बांधावर पोचून मी टॉर्च मारला तर काठाच्या पाण्यात तांबूस ठिपकेच ठिपके. ते डोळे होते. कोळंबी तळाशी राहणारा जीव, पण ती सगळी वर येऊन काठाला लागली होती, मिशा पाण्याबाहेर. काही एका अंगावर कलंडून पाय हलवत होत्या. माझ्या मनात पहिला हिशोब आला तो टनांचा. दुसरी मोटर जोडून होईपर्यंत मी तेच आकडे मोडत होतो. पाणी ढवळू लागलं, उजाडलं, बऱ्याचशा पुन्हा खाली गेल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं की इतका वेळ त्या काय भोगत होत्या याचा विचार मी केलाच नव्हता.

काढणीचं सांगणं जास्त जड जातं. पुस्तकातला नियम असा की जाळ्यातून आलेली कोळंबी थेट बर्फाच्या गार पाण्यात जायला हवी, आणि बर्फ भरपूर हवा. मी ज्या कंपनीत होतो तिथे बर्फ वाचवायची सवय होती. गाडी उशिरा आली की टबात तळाला थोडा बर्फ आणि वर कोळंबीचे थरावर थर. खालच्या थराला गारवा तरी मिळायचा, वरच्या थराचा जीव श्वासाविना आणि वजनाखाली जायचा. दहा-पंधरा मिनिटांनी टबात हात घातला तरी शेपट्या आपटायच्या. मी पर्यवेक्षक होतो, बोलू शकलो असतो. मुकादमाशी एकदा बोललो, त्याने वर बोट दाखवलं, मी गप्प बसलो. याचं मला आजही वाईट वाटतं.

भरपूर बर्फ असला तरी तो मार्ग दयेचा नाही, हे मला तुझ्या कामामुळेच कळलं. उष्ण पाण्यातला हा प्राणी गारठून हालचाल थांबवतो, पण तेवढ्यावरून त्याची जाणीव गेली असं म्हणता येत नाही. आम्ही मात्र हालचाल थांबली की 'झालं' म्हणायचो.

तू पाठवलेलं सगळं मी चष्मा लावून दोनदा वाचलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला, २००८ साली छापून आलेला प्रयोग मनात रुतून बसलाय. कोळंबीच्या एकाच मिशीला सौम्य आम्ल लावलं, तर ती नेमकी तीच मिशी पायांनी पुन्हापुन्हा साफ करू लागली, टाकीच्या भिंतीवर घासू लागली. मिशी आधी औषधाने बधिर केली तेव्हा हे घासणं कमी झालं. हे मी हजार वेळा पाहिलंय, मुक्ता. जखमी मिशी चोळत बसलेली कोळंबी मी चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाद्य तपासायला पाण्यात सोडतात त्या ताटात, पाहायचो आणि ट्रेमधलं खाद्य किती उरलं ते वहीत लिहायचो. मिशीचं कधी लिहिलं नाही.

ब्रिटनमध्ये २०२१ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासगटाने तीनशेहून जास्त संशोधनं तपासली आणि पुढच्या वर्षी खेकडे, शेवंडे, कोळंबी यांना जाणीव असलेल्या प्राण्यांच्या कायद्यात जागा मिळाली. त्याच अहवालात तलावात वाढवतात त्या जातींबद्दल पुरावा खेकड्यांपेक्षा कमी आहे असंही लिहिलंय, कारण त्यांच्यावर अभ्यासच थोडा झालाय. ही गोष्ट लपवू नकोस. कुणी अडवून विचारलं तर आधी तूच सांग. ज्या जिवाकडे कुणी बघितलंच नाही त्याच्याबद्दल पुरावा कमी असणारच, आणि तुमच्या संस्थेने त्याच्याकडे बघावं यासाठी मला तेवढं कारण पुरतं.

हॅचरीतलं, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथलं, तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. मादीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, तिच्या संप्रेरकामुळे अंडाशयाची वाढ रोखली जाते. म्हणून एक डोळा देठासकट चिमटून, बांधून किंवा डागून काढतात. मग ती काही दिवसांत अंड्यावर येते. जगभर अनेक हॅचऱ्यांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. शिकाऊ असताना मीही केलंय. चिमटा लागला की मादी शेपूट आपटून मागे उसळायची आणि माझ्याबरोबरचा मुलगा म्हणायचा, "धर घट्ट." बधिर करायचा विचार कुणाच्याही मनात आला नाही. आता स्टर्लिंग विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलंय की डोळा शाबूत असलेल्या माद्यांची पिल्लं काही रोगांच्या चाचणीत जास्त तग धरतात. हॅचरीवाल्याशी बोलताना ही गोष्ट आधी काढ. रोगाने तलाव बसतो तेव्हा काय होतं ते त्याने अंगावर घेतलेलं असतं, त्याचे कान तिथे उघडतील.

आता तुमच्या संस्थेच्या यंत्राबद्दल. श्रिम्प वेल्फेअर प्रोजेक्ट ही धर्मादाय संस्था २०२१ साली सुरू झाली आणि उत्पादकाला विजेचा झटका देऊन बेशुद्ध करणारं यंत्र फुकट देते, अट अशी की वर्षाला किमान १२ कोटी कोळंबी त्यातून गेली पाहिजे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडा पुन्हा मोजला. एक यंत्र, १२ कोटी जीव, दरवर्षी. एका अंदाजानुसार जगात वर्षाला ४४ हजार कोटींच्या आसपास पाळीव कोळंबी मारली जाते, त्यापुढे हे थोडंच, पण दान देणाऱ्याचा पैसा इतक्या जिवांपर्यंत पोचतो असं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

मात्र यंत्र बसवलं की काम संपलं असं धरू नका. झटका बरोबर बसला तर सेकंदाच्या आत शुद्ध जाते, पण ती परत येऊ शकते. म्हणून तिथून कोळंबी लगेच पुरेशा बर्फात गेली पाहिजे. आणि काढणीच्या रात्री काय होतं ते मला विचार. गाडी दारात उभी असते, जाळं भरून येतं, सगळे थकलेले असतात. यंत्रामुळे रांग तुंबली तर कुणीतरी टब बाजूने सरकवणार. दिवसा साहेबांसमोर दाखवलेलं प्रात्यक्षिक बघून परत येऊ नकोस. रात्री जा. यंत्रातून बाहेर पडलेली मूठभर कोळंबी पांढऱ्या ताटात घे आणि मिशा, पाय, शेपूट हलतात का ते नीट बघ. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला नावाने हाक मार. बर्फाची गाडी कोण मागवतो ते विचार. मालकाच्या सहीपेक्षा त्या माणसाच्या हातात जास्त आहे.

दुसरं म्हणजे, मरणाची वेळ काही मिनिटांची, तलावातलं जगणं महिन्यांचं. एका चौरस मीटरमध्ये दहा असतात की शंभराच्या वर, यावर बाकी सगळं ठरतं. दाटी झाली की खाद्य जास्त, घाण जास्त, अमोनिया जास्त. दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. कात टाकलेली कोळंबी मऊ असते, लपायला जागा शोधते, दाटीत तिला बाकीच्या खातात. पाणी सुधारलं की शेतकऱ्याचंही नुकसान कमी होतं, म्हणून या बाबतीत तो तुझ्या बाजूचा निघेल. त्याला गुन्हेगार समजून बांधावर पाऊल ठेवू नकोस. त्याने कर्ज काढलेलं असतं आणि पहाटे तीनला तोही पाण्याकडे बघत उभा असतो.

लग्नघरात तुला कुणीतरी म्हणालं ना, माणसं उपाशी असताना कोळंबीची दया कसली, आणि तू रडत घरी आलीस. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला माहीत नाही. मला इतकंच दिसतं की माणसांसाठी झटणाऱ्या संस्था थोड्या पडतात हे खरं, पण आहेत, आणि असाव्यात. या जिवांसाठी परवापर्यंत कुणी नव्हतं. मी तिथे उभा होतो, मला दिसत होतं, मी काही केलं नाही. तू करते आहेस. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि हे तोंडावर बोलायला जमलं नाही म्हणूनही हे पत्र.

माझ्या तलावाच्या जुन्या वह्या आई उद्या पार्सल करणार आहे. पहाटेचे प्राणवायूचे आकडे, खाद्य, मर, काढणीचं वजन आणि काउंट (किलोत किती नग), सगळं तारखेनुसार आहे. तुमच्या माणसांना उपयोग होईल. काढणीच्या पानांवर वेळेचा एकच रकाना आहे, गाडी निघाल्याचा. कोळंबी टबात किती वेळ हलत होती याचा रकाना आम्ही कधी आखला नाही. तुमच्या फॉर्ममध्ये तो घाला.

रात्री बांधावर जाशील तेव्हा गमबूट घाल, ओल्या मातीवरून पाय घसरतो.

तुझा,
बाबा