डाव्या कोपऱ्यातल्या दादाला

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. कबड्डीत तू डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेतलं डावं टोक, सांभाळतोस. मैदानावर माझा मुलगा तुला दादा म्हणतो, मीही तेच लिहिते. समोर आभार मानले की तू "काय काकू, तुम्ही पण" म्हणून विषय बदलतोस. शिवाय तू जे केलंस ते कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

दिवाळीनंतर मंडळाच्या कुमार संघात चढाईपटूची जागा रिकामी झाली आणि आमच्या चिरंजीवांचं नाव पुढे आलं. वय नुकतंच 14 पूर्ण, वजन 43 किलो. किशोर गटात त्याचा बोनस, म्हणजे मागची बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण, कुणाला अडवता येत नव्हता. घरी सगळे हरखले. त्याचे काका तर आधीपासूनच म्हणायचे, मोठ्यांत घुसल्याशिवाय पोरगं तयार होत नाही. आणि सांगलीत असं म्हणणाऱ्याच्या हाताशी उदाहरण तयारच असतं. आपली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालच्या संघात होती आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालच्या. त्यापुढे कोण काय बोलणार?

तू बोललास. रिकामी जागा तुझ्याच संघातली होती, तो आला असता तर फायदा तुझाच होता, तरी बोललास. "काकू, क्रिकेटमध्ये मधे 22 यार्ड असतात. आमच्यात मधे काहीच नसतं."

मग तू मला वजनाचा हिशोब समजावलास. किशोर गटाला तेव्हा 16 वर्षं आणि 55 किलोची मर्यादा होती, कुमार गटाला 20 वर्षं आणि 70 किलोची. वरची मर्यादा होती, खालची नव्हती. म्हणजे 43 किलोच्या पोराला 70 किलोचा, दाढी आलेला गडी पकडणार, आणि ते नियमात बसतं. त्यातही काट्यावर 70 भरावेत म्हणून काही जण आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, वजन झालं की पोटभर खातात-पितात, त्यामुळे मॅटवर येतो तो गडी कागदावरच्यापेक्षा जडच असतो, हेही तूच सांगितलंस. किशोरांचा सामना 15-15 मिनिटांचा, कुमारांचा 20-20 चा. दमलेल्या पायांनी खेळायची ती शेवटची मिनिटं सगळ्यात वाईट, असं तू म्हणालास.

पण मला पटलं ते तू करून दाखवलंस तेव्हा. त्याला चढाईला बोलावलंस. तो बोनस रेषेपलीकडे पाय टाकायला वाकला आणि तू खाली बसून त्याचा घोटा धरलास. नुसता धरलास, ओढला नाहीस. तसाच धरून ठेवून मला म्हणालास, "आता बघा, माझं काम झालं. सामन्यात इथून पुढे माझ्या हातात काही नाही. कव्हर येणार, मधला येणार, चौघे ह्याच्या पाठीवर पडणार, आणि पाय अजून माझ्याच हातात." तुझ्या पंजात त्याचा घोटा सगळाच्या सगळा मावला होता. मी त्याची आई, पण तो पाय इतका बारीक आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

गुडघ्याचंही तूच हेरलंस. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला त्याला एक टेंगूळ आलं होतं. जिना उतरताना तो हळूच कठडा धरायचा, पण खेळ बंद होईल या भीतीनं घरात बोलला नाही. तू विचारलंस तेव्हा त्याने खरं सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर असं नाव सांगितलं. या वयात पोरं भराभर उंच होतात, हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते ती अजून मऊ असते, आणि मांडीचे स्नायू उडी मारताना, धावताना ती सारखी ओढतात. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं आपोआप शमतं, तोवर दुखेल तितका भार कमी करायचा. उंची झपाट्यानं वाढत असते त्या काळात हाडाची लांबी आधी वाढते आणि मजबुती मागून येते, म्हणून जोरदार आपटणं तेव्हाच जास्त जपायचं, हेही त्यांनी समजावलं. तू हे सगळं डॉक्टरी भाषेत सांगितलं नव्हतंस, पण म्हणणं तेच होतं.

आणि तू नुसतं "नको" म्हणून थांबला नाहीस, याचे आभार मला सर्वात जास्त मानायचे आहेत. नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. तू म्हणालास, सामने किशोर गटाचेच, पण सराव माझ्याबरोबर. गुडघा निवल्यावर आठवड्यातले ठरलेले दिवस तो तुमच्यात यायला लागला. डॅश, म्हणजे अंगाने धडक, नाही, अंगावर झेप नाही, पकड लागली की जागच्या जागी सोडायची, हे तू तुझ्या सगळ्या सवंगड्यांकडून कबूल करून घेतलंस आणि एकानं मोडलं तेव्हा त्याला मैदानाबाहेर काढलंस. मोठ्यांच्या हाताची लांबी, कोपरा कधी पुढे सरकतो, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी कुठून तुटते, हे सगळं त्याला तिथे शिकायला मिळालं. काकांचं म्हणणं चूक नव्हतंच. मोठ्यांत खेळून पोरगं तयार होतं, फक्त त्यासाठी सामनाच लागतो असं नाही.

किशोर संघात तो आता सगळ्यांत जाणता आहे. कुणी कधी चढाई करायची, शेवटी उरलेल्या गड्याला कसं वाचवायचं, हे तो ठरवतो. तुमच्यात आला असता तर राखीव बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या असत्या, निदान वर्षभर तरी. पुढे नेण्याच्या घाईत आपण हा विचार करतच नाही. स्वतःच्या वयाच्या पोरांत पुढारी होणं हेही एक शिक्षण आहे आणि ते योग्य वयातच मिळतं.

तो तुझ्यावर किती रागावला होता, तुला ठाऊक आहे. "दादाला मी नकोय" म्हणून रडला. तू समोर आलास की मान फिरवायचा. तरी तू रोज त्याला हाक मारलीस आणि त्याच्या बुटांच्या नाड्यासुद्धा खाली बसून बांधून दिल्यास. जिल्ह्याच्या स्पर्धेत तुमचा संघ लवकर बाहेर पडला, तो एका चढाईपटूच्या कमतरतेनंच. मंडळात कुणीकुणी तुला बोललेही. तू आमच्या घरी त्यातलं अवाक्षर काढलं नाहीस, मला ते दुसऱ्यांकडून कळलं. 19 वर्षांच्या मुलानं एवढं ओझं कुणाला न सांगता उचललं, यासाठी तुझ्या आईलाही माझा नमस्कार सांग.

त्याचं वजन आता 48 झालंय आणि गुडघा दुखत नाही. पुढच्या मोसमात कुमार गटाचं काय, असं तो परत विचारायला लागलाय. तू म्हणाला होतास की उंची वाढायची थांबली, अंग भरलं, की परत बघू, आणि तेव्हा त्यालाही विचारू. तर रविवारी जेवायला ये. पुरणपोळ्या करते आहे. जेवण झालं की तुम्ही दोघं बसून काय ते ठरवा, मी ऐकेन.

तुझी,
काकू