पोलिसांची गाडी मागे आली की

एडिसन, न्यू जर्सी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बाबांची गाडी तू मुलुंडहून ऐरोलीला ऑफिसला न्यायला लागलीस हे ऐकून फार बरं वाटलं. आईला म्हणावं, मनू पोहोचली की फोन करेल, उगाच घड्याळाकडे बघत बसू नकोस. त्या दिवशी तू विचारलंस ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. सगळे कागद जवळ आहेत, बेल्ट लावलाय, सिग्नल पाळलाय, तरी नाक्यावर पांढरा शर्ट दिसला की धडधड का होते?

ती इथेही होते गं. आमच्या टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, बऱ्याच पट्ट्यात ताशी ६५ मैलांची मर्यादा आहे आणि लोक सर्रास पंचाहत्तरने जातात. मधल्या दुभाजकाच्या फटीत पोलिसांची गाडी उभी असते. ती दिसायच्या आधीच कळतं, कारण पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक पेटत मागे येतात. साठने चाललेला माणूससुद्धा ब्रेकवर पाय ठेवतो. मग ती गाडी बाहेर निघून आपल्या मागे लागली, की नजर आरशातून हटत नाही. स्पीड बघायचा, बेल्ट चाचपायचा, इंडिकेटर वेळेवर दिला का आठवायचं. एरवी जे हात आपोआप करतात ते सगळं डोकं हुकूम सोडून करायला लागतं, आणि चांगली चालणारी गाडी अडखळत चालते. तुझा क्लच नाक्यावरच का सुटतो, त्याचं कारण एवढंच. तुझं ड्रायव्हिंग कच्चं आहे असं मनात आणू नकोस.

पण धडधडीचं मूळ मला वेगळं वाटतं. रस्त्यावरचे नियम इतके आहेत की कुणाचं ना कुणाचं, काही ना काही चुकतच असतं. मग थांबवायचं कुणाला, हे समोरच्याच्या मर्जीवर येतं. आपण घाबरतो ते त्या मर्जीला. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की रहदारीचा एखादा छोटा नियम मोडला असेल तर पोलीस गाडी थांबवू शकतात, त्यांच्या मनातलं खरं कारण दुसरंच असलं तरी. याच टर्नपाइकवर एप्रिल १९९८ मध्ये राज्य पोलिसांनी चार तरुणांची व्हॅन थांबवली आणि गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले. चौघांतले तीन कृष्णवर्णीय होते, एक लॅटिनो. पुढच्या वर्षी राज्य सरकारला मान्य करावं लागलं की वर्ण बघून गाड्या अडवल्या जातात, आणि २००९ पर्यंत इथल्या पोलिसांवर केंद्राच्या करारानुसार देखरेख राहिली. म्हणून इथे आई-बाप मुलांना गाडीची किल्ली देताना आधी हे शिकवतात: थांबवलं तर दोन्ही हात स्टीअरिंगवर, दिसतील असे. कागद काढायला डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा तर आधी सांगायचं. आपण होऊन गाडीतून उतरायचं नाही. आपल्याकडे बाबा उतरून साहेबांशी बोलायला जातात, ते इथे भलतंच महागात पडेल.

मुंबईतली भीती जिवाची नसते, हे आपलं मोठं भाग्य. तिथे भीती वेळेची आणि घासाघिशीची. ‘बाजूला घ्या’ म्हटलं की पुढचा अर्धा तास आपला राहात नाही, आणि शेवट पावतीवर होईल की दुसऱ्या कशावर, ते कळत नाही.

कॅमेऱ्याचं बघ ना. मुंबईत २०१६ पासून ई-चलन आहे. कॅमेरा दिसला की आपण वेग कमी करतो, दंड आला की चडफडतो, पण छाती धडधडत नाही. कॅमेरा चेहरा बघून निवडत नाही. नाकाबंदीत सरसकट प्रत्येक चालकाला यंत्रात फुंकायला लावलं, तर तेही मला म्हणूनच योग्य वाटतं. मुंबई पोलिसांनी २००७ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा किती जण कुरकुरले होते! पण रात्री घरी परतणाऱ्या तुझ्यासारख्या मुलीसाठी ती नाकाबंदी हवीच. त्या रांगेत अजिबात घाबरू नकोस.

एकट्यालाच बाजूला घेतलं, तर मात्र आवाज न चढवता आधी विचारायचं, ‘साहेब, काय चुकलं?’ लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये ठेव, ते चालतात. खरंच चूक असेल तर चलन फाडायला सांगायचं, भरून मोकळं व्हायचं. मधला मार्ग कुणी सुचवला तरी नाही म्हणायचं. तू एकदा पैसे दिलेस की तुझ्या मागून येणाऱ्या मुलीकडेही मागतील.

बाबांच्या गाडीच्या पीयूसीची तारीख बघ, ते हमखास विसरतात. इन्शुरन्सच्या कागदाचा फोटो मलाही पाठव. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही, फोनवर ती नेहमी ‘बरं आहे’ एवढंच म्हणते.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई