व्हिडिओवाल्या काकांना, त्या एका कॅसेटबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "कसले गो आभार, जेवलीस काय?" म्हणून विषय बदलता आणि फोन सरळ काकींच्या हातात देता. म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहावं. नातू वाचून दाखवील तुम्हाला, आणि त्याच्या हातातला फोन काय तुम्हाला ठेवता येणार नाही.

निमित्त काही मोठं नाही. परवा रात्री काम संपवून 'जो जीता वही सिकंदर' लावला, कितव्यांदा ते विचारू नका. मन्सूर खानचा, 1992 च्या मे महिन्यात आलेला. आमच्या वयाच्या लोकांना नुसतं नाव घेतलं तरी पुरतं, पण हल्लीच्या पोरांसाठी सांगते. डेहराडूनमधली शाळा-कॉलेजं, एका बाजूला श्रीमंतांचं राजपूत, दुसरीकडे गावातल्या पोरांचं मॉडेल, आणि वर्षाची मोठी सायकल रेस. आमिर खानचा संजू म्हणजे एक नंबरचा उनाड, त्याचा मोठा भाऊ रतन गुणी, रेसमध्ये उतरणारा. रतन जबर जखमी होतो आणि मग संजू उतरतो. स्टोरी एवढीच. 'ब्रेकिंग अवे' नावाच्या 1979 च्या अमेरिकन पिक्चरशी लोक तिची तुलना करतात, करू देत, आम्हाला गोव्यात डिचोलीत बसून कुठे माहीत होतं ते.

आम्हाला माहीत होतं ते 'पजामा छाप'. राजपूतवाले मॉडेलच्या पोरांना तसं चिडवतात ना, ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला होता काका. कारण मी तेव्हा नुकतीच अकरावीला शहरातल्या हायर सेकंडरीत जायला लागले होते. चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश पण ते आपलं गावातलंच इंग्लिश, सर पण मराठीत समजावायचे, आणि इथे आजूबाजूच्या मुली फाडफाड बोलायच्या. त्यात आपला खाणीचा पट्टा. बसस्टॉपवर उभं राहिलं की खाणीच्या लाल मातीचे ट्रक एकामागून एक, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची आठ दिवसांत वीट व्हायची, आणि वर्गात शिरलं की कुणीतरी म्हणायचंच, आल्या लाल पायवाल्या. हसण्यावारी न्यायचं, काय करणार. तर पडद्यावर कुणीतरी त्याच प्रकारचं ऐकून घेतंय आणि पिक्चर त्याच्या बाजूने उभा आहे, हे मी पहिल्यांदा बघत होते.

पडद्यावर म्हणजे टीव्हीच्या. थिएटरात जाऊन बघायला मला मिळालाच नाही. तुमचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान म्हणजे घराचा बलकांव, पुढची ओसरी. तिथे ती लाकडी शेल्फं होती, वर काकींनी पेनाने लिहिलेली नावं, आणि प्रत्येक डब्यावर 'रिवाइंड करून द्यावी'. चवथीला, म्हणजे गणपतीत, मामांनी व्हीसीआर भाड्याने आणला होता तेव्हा ही कॅसेट तुमच्याकडून आणली. पिक्चर जवळजवळ तीन तासांचा, ई-180 ची कॅसेटही तीनच तासांची, त्यामुळे शेवटी रेस संपते न संपते तोच पट्टी संपायची आणि खट्ट करून मशीन थांबायचं. नंतर आमच्या घरी सेकंडहँड व्हीसीआर आला आणि मी ती कॅसेट नेत राहिले. आणली, दिली, पुन्हा नेली. तुम्ही एकदा म्हणालात पण, बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय बघायचं गो?

आणि मग तो दिवस. मी कॅसेट परत द्यायला आले तर तुम्ही ती मशीनमध्ये घालून बघत बसला होता, रेसच्या भागात चित्रावर पांढऱ्या रेघा. तुम्ही म्हणालात, ही पट्टी इथेच घासलीय, कोणीतरी इथे पॉज करून ठेवतं. तेव्हा मला कळलं की पॉज केलं तरी आत पट्टी वाचणारा ड्रम फिरतच असतो आणि पट्टीच्या त्याच जागेवर घासत राहतो. मला वाटलं आता दंड. तुम्ही विचारलंत, काय बघतेस एवढं तिथे?

काका, हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. घरी विचारायचे ते 'किती बघशील' असं. मी काहीतरी अडखळत सांगितलं की मला आमिर खान नाही बघायचा (हे अर्धंच खरं होतं), मला हे कळत नाही की आता चाक दिसलं, मग तोंड दिसलं, मग लोक ओरडताना दिसले, मग परत चाक, आणि तरी आपल्याला एकच सलग रेस बघतोय असं का वाटतं. तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत. आतल्या खोलीचं दार उघडलंत आणि म्हणालात, ये, एका लग्नाचं काम चालू आहे.

ती खोली अजून डोळ्यासमोर आहे. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी, मध्ये वायर, एक जुना टीव्ही, आणि सगळ्यावर जुनी साडी पांघरलेली, कारण खाणीची धूळ. एकात शूटिंगची कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी, दुसरीवर रेकॉर्ड आणि पॉज दाबून बोट तसंच धरून ठेवायचं, पहिलीत हवा तो क्षण आला की बोट उचलायचं. पण मशीन काही लगेच उचलत नसे, थोडं अडखळून मग घ्यायचं, म्हणून क्षण यायच्या आधीच बोट सुटलं पाहिजे, आणि किती आधी ते प्रत्येक मशीनचं वेगळं, ते तुम्ही तोंडातल्या तोंडात मोजायचा. चुकलं की जोडावर सप्तरंगी फराटा. आणि कॉपीची कॉपी केली की नवरीचा लाल शालू शेजारच्या मावशींच्या अंगावर ओघळायचा. हल्लीची पोरं माझ्याकडे शिकायला येतात, कंट्रोल-झेड मारतात दहा वेळा, त्यांना हे सांगितलं की हसतात. हसू देत.

पण खरी शिकवण त्या मशीनची नव्हतीच. तुम्ही लग्न कापत, म्हणजे एडिट करत होता, मंगलाष्टकं चालू होती, आणि मी आपली हुशारी करून म्हटलं इथे कंटाळा येतोय, कापूया. तुम्ही म्हणालात, थांब, 'सावधान' झालं की हात वर जातील, अक्षता हवेत असताना काप, खाली पडल्यावर नको. बघितलं तर जोड दिसेचना! इकडून हात वर गेला आणि तिकडच्या शॉटमध्ये तांदूळ डोक्यावर पडले, मधला कट कोणाला कळला पण नाही. आणि मग तुम्हीच ती घासलेली कॅसेट लावलीत आणि म्हणालात, आता तुझी रेस बघ. पायडल खाली जात असताना कापलंय, वळण घेताना कापलंय, मान वळताना कापलंय. हालचाल एका शॉटात सुरू होते, दुसऱ्यात पुरी होते, म्हणून सलग वाटतं. झालं. पुढे पुण्याला कोर्स केला तिथे हेच जाडजूड पुस्तकांतून शिकवलं, मी आपली मनात म्हणत होते, अक्षता.

त्या पिक्चरला त्या वर्षीचं फिल्मफेअर मिळालं, बेस्ट फिल्मचं, आणि एडिटिंगचं पण. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता तर तुम्ही म्हणालात, मग, मी काय उगाच सांगत होतो?

'पहला नशा' मात्र आपल्या दोघांनाही नीट उलगडलं नव्हतं तेव्हा. सगळं गाणं स्लो मोशन आणि ओठ मात्र बरोबर. तुम्ही म्हणालात हे आमच्या मशीनवर व्हायचं नाही, हे कॅमेऱ्यातच करतात, आणि ते अगदी बरोबर निघालं. सेटवर गाणं फास्ट वाजवायचं, नटाने त्या फास्ट गाण्यावर ओठ हलवायचे, कॅमेरापण तेवढाच फास्ट चालवायचा, मग नेहमीच्या स्पीडने दाखवलं की अंग तरंगतं आणि ओठ जुळतात. फराह खानचं कोरिओग्राफर म्हणून पहिलं मोठं काम ते, सरोज खान येऊ शकल्या नाहीत म्हणून तिला मिळालं. आणि गाणारी साधना सरगम आपली दाभोळची, घाणेकर, हे काकींना मुद्दाम सांगा, त्या लता-आशाच्या पुढे कोणाला मानत नाहीत.

अजून एक गंमत सांगायची राहिलीच. तुम्हाला तो राजपूतवाला शेखर मल्होत्रा, संजूचा वैरी, फार आवडायचा, माजोरडा पण रुबाबदार म्हणायचा. त्या रोलसाठी आधी मिलिंद सोमण होता, तो गेला मग दीपक तिजोरी आला. मधे कलाकार बदलले की काय होतं ते आता मला पक्कं माहीत आहे, केलेलं शूटिंग फेकायचं, पुन्हा करायचं, आणि त्यातून पिक्चर असा एकसंध उभा करायचा. एडिटरच्या नशिबाला काय काय येतं!

आता पिक्चर बघताना डोळे झाकून प्रेम करते असं नाही हां. संजूचा राग येतो. बापाच्या पैशावर मजा मारतो, लहानपणापासूनच्या मैत्रिणीला, अंजलीला, गृहीत धरतो, ती बिचारी त्याच्यासाठी सगळं करते आणि हा पूजा बेदीच्या मागे. शेवटी शहाणा होतो म्हणून सगळं माफ, हे आता नाही पटत. पण अंजली गॅरेजमध्ये काम करते, हाताला ग्रीस लागलेलं, आणि त्याचं कोणी कौतुक पण करत नाही आणि नाक पण मुरडत नाही, ती आपली पाना घेऊन कामाला लागलेली. मला वाटतं माझ्यावर खरा परिणाम तिचा झाला, संजूचा नाही.

कारण माझ्या हाताला पण तेव्हा तेच लागलं होतं. तुम्ही मला व्हीसीआरचं हेड, म्हणजे ड्रमवरचा पट्टी वाचणारा भाग, साफ करायला शिकवलंत. वरचं झाकण उघडायचं, कागदाची घडी स्पिरिटमध्ये भिजवायची, ड्रमला हलकेच टेकवून धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा, कागद वर-खाली कधी करायचा नाही, हेडचा तुकडा पडतो. कागद बाहेर काढला की लालसर काळा. खाणीचा पट्टा तिथेपण शिरलेला! गावातले व्हीसीआर बिघडले की तुम्ही मला पाठवायला लागलात, आणि एकदा तर ज्यांच्या घरी गेले तिथली मुलगी माझ्याच वर्गातली, फाडफाड इंग्लिशवाली. ती बघतच राहिली. सोमवारी वर्गात कोणी लाल पाय म्हणालं नाही असं काही झालं नाही, म्हणालेच, पण तिने मला विचारलं की तुला 'पहला नशा' रेकॉर्ड करून देता येईल का. आमची मैत्री अजून आहे.

आणि आईचं. हे मला तिने कितीतरी वर्षांनी सांगितलं. शेजारीपाजारी कुजबुजायला लागले होते की मुलगी रोज संध्याकाळी व्हिडिओच्या दुकानात काय करते, तिथे सगळी पोरं टोरं येतात. तुम्ही एका दुपारी काकींना घेऊन आमच्या घरी आलात, चहा घेतलात, आणि आईला म्हणालात की ही तुमची पोर माझ्याकडे काम शिकतेय, काकी शेजारीच स्वयंपाकघरात असतात, आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मला याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. त्या महिन्यापासून लग्नाच्या प्रत्येक कॅसेटमागे मला पैसे द्यायला लागलात, मला वाटलं माझं काम सुधारलं म्हणून. काका, ते आईला दाखवायला होतं ना? की हे खरंच काम आहे म्हणून? कधी विचारलं नाही, आता विचारते, नातवाला सांगा उत्तर टाइप करायला.

मग केबल आली, सीडी आली, तुमची शेल्फं रिकामी झाली. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, देवळातली नाटकं आणि शिगम्याचं शूटिंग करत राहिलात. 2004 पासून इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला यायला लागला तेव्हा मी तुम्हाला पास काढून दिला होता, तुम्ही एक इराणी पिक्चर बघून बाहेर आलात आणि म्हणालात, कापलंय चांगलं पण फार कमी कापलंय. मी आजही तो शेरा माझ्या मित्रांना ऐकवते.

मी आता काय करते ते तुम्हाला माहीत आहे, लग्नं, डॉक्युमेंटरी, उत्सवातली नाटकं, मिळेल ते. गेल्या महिन्यात एका सायकल स्पर्धेचं काम आलं, ड्रोनचं फुटेज, हेल्मेटवरचे कॅमेरे, ढीगभर मटेरियल. क्लायंटला सगळं ड्रोनचंच हवं होतं. मी एका पोराचं पायडल खाली जाताना कापून त्याच्या दातओठ खाल्लेल्या तोंडावर गेले, आणि क्लायंट म्हणाला, हे कसं केलं, परत दाखवा.

तर थॅंक्यू काका. त्या प्रश्नाबद्दल, त्या खोलीबद्दल, आईकडे घेतलेल्या चहाबद्दल.

आणि आता कामाचं. चवथीला मी येतेय. तुमच्या माळ्यावर लग्नांच्या मास्टर कॅसेटी आहेत त्या पावसाआधी खाली काढून घ्या, पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तरी फेकू नका, साफ होते. व्हीसीआर आता नवीन मिळत नाही, शेवटची ती जपानी फुनाई, तिने पण 2016 मध्ये बनवणं बंद केलं, पण माझ्याकडे एक चालू आहे, तो गाडीत घालून आणते. अर्ध्या गावाची लग्नं तुमच्या माळ्यावर आहेत, त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत, त्यांच्या पोरांना हवी आहेत ती. दोघं बसून कॉम्प्युटरवर उतरवू. तुम्ही नावं सांगा, मी टाइप करते. काकींना म्हणावं नेवऱ्या जास्त करा, काम दोन-तीन दिवस चालेल.

तुमची,
व्हिडिओवाली पोर