रविवारी जेवायला ये

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगितलं असतं, पण तुझी वहिनी घरात असताना हे बोलता येत नाही, आणि ती नसते तेव्हा तू कामावर असतोस. आत्ता ती झोपली आहे, म्हणून लिहायला बसलो.

ह्या महिन्यात तिला पन्नास पूर्ण होतात. वाढदिवस सोमवारी येतो आणि सोमवारी तिचा महादेवाचा उपास. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी रात्री बाहेर जेवायला जायचं ठरवलंय. येता रविवार नव्हे, त्याच्या पुढचा. कुठं जायचं ह्यात माझे तीन आठवडे गेले, आणि आता ठरलंय तर त्यात तुझी गरज आहे. का, ते सांगतो.

तू आमच्याबरोबर किती वेळा हॉटेलात जेवला असशील. तुझ्या कधी लक्षात आलं का बघ. ती मेनूकार्ड हातात घेते आणि तिचं बोट उजव्या बाजूनं खाली सरकतं. आधी आकडे वाचते, मग नावं. मग कार्ड मिटून माझ्याकडं देते आणि म्हणते, "तुम्हीच सांगा, मला काही पण चालतं." सव्वीस वर्षं मी हे ऐकतोय. खरंच हिला काही पण चालतं, असं धरूनच मी चाललो. पोरांना आवडेल ते मागवायचं, आईला चालेल ते मागवायचं आणि उरेल ते हिनं संपवायचं.

दिवाळीनंतर आम्ही उदगीरला तिच्या माहेरी गेलो होतो. मेहुण्यानं नवं घर बांधलंय, पण मागं चूल ठेवलीय. आमच्यासाठी आत वरण-भात, भाजी वेगळी शिजली होती आणि मागं चुलीवर बाकीच्यांसाठी मटण रटरटत होतं. मी पाण्याचा तांब्या घ्यायला मागच्या दारात गेलो. मेहुण्याची बायको हिला म्हणत होती, "वन्सं, जरा मीठ बघा बरं." हिनं पळीतला रस्सा तळहातावर घेतला, फुंकर घातली आणि चाटला. डोळे मिटले. मग म्हणाली, "मीठ बरोबर हाय. अजून एक उकळी येऊ दे, मसाला कच्चा लागतोय." आणि हात धुऊन, पदराला पुसून ती आमच्या पंगतीत वरण-भात जेवायला येऊन बसली.

रात्री मेहुण्याजवळ विषय काढला. तो म्हणाला, "दाजी, अक्काला नळी लागायची बघा. नळी नाही म्हटलं की ताटावर बसायची नाही. आमचे दादा स्वतःच्या ताटातली काढून तिला द्यायचे."

दोस्ता, मला त्या रात्री झोप आली नाही.

आमचं घर तुला माहीत आहे. पैठणच्या शेजारचं गाव, आजोबांपासून गळ्यात माळ, नाथषष्ठीची वारी कधी चुकली नाही. १९९९ साली लग्नाच्या बैठकीत आमच्या वडिलांनी एवढंच सांगितलं, की आमच्या घरात चालत नाही. तिच्या वडिलांनी मान हलवली. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिनं स्वतः माळ घातलेली नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. घातली असती तर मी हा विषयच काढला नसता. घरच्या रीतीला मान म्हणून तिनं सोडलं, आणि सोडलं हे कधी बोलून दाखवलं नाही.

परत येताना अंबाजोगाईच्या पुढं गाडीत विचारलं, तुला खावंसं वाटतं का म्हणून. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आत्याबाईंनी मला लेकीसारखं सांभाळलं. त्यांच्या घरात कसं मागायचं?" एवढंच. पण 'नको' म्हणाली नाही. आई जाऊन आता तीन वर्षं होतील.

मी गावाकडच्या चुलत्यांनाही विचारलं. ते कीर्तनाला उभे राहतात, त्यांचा शब्द मला महत्त्वाचा. ते म्हणाले, "माळ तुझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. तुझं तू सांभाळ." मला तेवढं पुरलं.

मग जागा शोधायला लागलो. लेकीनं पुण्याहून मोबाईलवर नावं पाठवली, कुठं किती स्टार, कुणी काय लिहिलंय, सगळं. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात जाऊन आलो. शांत आहे, खुर्च्या चांगल्या, माणसं अदबीनं बोलतात. पण कार्ड बघताना मला सारखं तिचं ते उजव्या बाजूचं बोट दिसत होतं. तिथं तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. थाळीची जी दोन-तीन ठिकाणं आहेत, तिथं दरवर्षी जातोच. आग्रहानं वाढतात, आईला तिथलं फार आवडायचं. पण ते आमचं जेवण झालं, तिचं नाही. निराला बाजाराकडं एक गच्चीवरचं ठिकाण पाहिलं, तिथं गाण्याच्या आवाजात मला वेटरचं बोलणं ऐकू येईना.

बायपासच्या बाजूची गार्डन रेस्टॉरंटं मी यादीतूनच काढली. त्याला कारण आहे. तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तशाच एका ठिकाणी गेलो होतो. आईच्या पनीरच्या भाजीत हाडाचा तुकडा निघाला. आई ताटावरून उठली, घरी येऊन रात्री डोक्यावरून अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. हिचं जेवण तर राहिलंच, वर रात्रभर आईच्या उशाशी बसून होती. तो वाढदिवस असा गेला. म्हणून ह्या वेळी मी आधी स्वयंपाकघर बघतो, मग टेबल.

मटणाच्या नान खलियाचा विचार मी खूप केला. आपल्या शहराचं खरं जेवण तेच. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराबरोबर हे जेवण इथं आलं असं जुने लोक सांगतात. ऑफिसातले एक सहकारी जुन्या शहरात राहतात, ते मला बुढी लेनकडं घेऊन गेले. हळदीनं पिवळीधमक झालेली नान तंदूरमधून निघताना पाहिली. केवढी मोठी आणि काय मऊ! मोठ्या देगेत खलिया, वर लाल तर्री. सहकारी म्हणाले, "भाभींना घेऊन या, वर फॅमिलीची सोय आहे." माणसं मोठ्या मनाची. पण तिथं माझ्या ताटात काय पडणार? आणि मी समोर उपाशी बसलो तर ती एक घास खायची नाही, हे मी लिहून देतो. पार्सल घरी आणावं तर देवघराशेजारी आईचा फोटो आहे. घरात ते व्हायला नको, तिलाही ते आवडणार नाही.

अखेर जागा सापडली ती गारखेड्यात. आठ टेबलांची खानावळ. चालवणारी बाई लातूरकडची, नवरा गल्ल्यावर बसतो. मी दुपारी तीनला गेलो, गर्दी ओसरल्यावर. बाई जाळावर खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून काळी करत होत्या. शेजारी परातीत धने, तीळ, दगडफूल भाजून ठेवलेलं. तो वास आला आणि मला उदगीरचं मागचं दार आठवलं. मी म्हटलं, "ताई, मी माळकरी आहे. मला तुमचं स्वयंपाकघर बघू द्याल?" त्या जराही रागावल्या नाहीत. आत नेलं. शाकाहाराचा ओटा वेगळा, पातेली वेगळी, पळ्यांच्या दांड्यांना हिरवा दोरा बांधलेला. भांडी घासायची जागासुद्धा वेगळी. म्हणाल्या, "माझी सासू माळकरीच हाय दादा. मला ठावं हाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच भेटलेल्या बाईला एवढं कसं सांगितलं, कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नळ्या बाजूला काढून ठेवते. रस्सा पातळच करते, आमच्याकडं करतात तसा. कुस्करून खायला ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात." माझ्यासाठी वांग्याची भाजी आणि येसराची आमटी सांगितली. पैसे मी आधीच देऊन आलो. त्या दिवशी टेबलावर मेनूकार्ड येणारच नाही. बोट फिरवायला आकडेच नसतील.

केक नको म्हणालो. पोरं म्हणतील तर घरी कापू. त्याऐवजी दुपारी गुलमंडीवरून ताजी इमरती आणायची, तिला जिलबीपेक्षा इमरती आवडते, एवढं मात्र मला पहिल्यापासून माहीत आहे. जेवण झाल्यावर उस्मानपुऱ्यात जाऊन ताराचं पान.

आता तुझं काम. लेक आणि मुलगा दोघंही आमच्या घरात वाढले, त्यांनी कधी खाल्लेलं नाही. मी खाणार नाही. म्हणजे त्या टेबलावर मटणाचं ताट एकटीपुढं येईल. चारचौघांत आपल्या एकटीसाठी काही वेगळं आलं की ती कशी अंग चोरून बसते, ते तू पाहिलंयस. ती पहिला तुकडा मोडेल, माझ्याकडं बघेल आणि "राहू द्या, मलाही वांगंच द्या" म्हणेल. म्हणून तू आणि वहिनी या. तुम्ही दोघं खाणारे. वहिनींना तिच्या उजव्या हाताला बसव, तू समोर बस. मी टेबलाच्या कडेला बसतो, माझं ताट घेऊन. तुम्ही सुरुवात करा, कांदा फोडा, रस्सा मागा, मोठ्यानं बोला. नळी आली की तू एक उचल आणि ताटाच्या कडेवर चांगली ठोक. आवाज होऊ दे.

तिला आधी काही कळू द्यायचं नाही. वहिनींना सांग, पण फोनवर बोलताना त्यांच्या तोंडून निघायला नको. मी हिला "नांदेडची मंडळी येणार आहेत, सगळे मिळून जेवायला जाऊ" एवढंच सांगणार आहे.

तपोवननं निघालात तर दुपारी इथं पोचाल. मी स्टेशनवर येतो. मुक्कामाच्या तयारीनं या, सोमवारी सकाळी सोडणार नाही. पत्र मिळालं की मला ऑफिसच्या वेळात फोन कर, दोन ते अडीचच्या मध्ये. घरी असताना केलास तर फक्त पावसापाण्याचं बोल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी वाट बघणारा,
तुझा दोस्त

ता.क. त्या बाईंनी विचारलंय, रस्सा किती तिखट करू. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणतो, "अक्काला डोळ्यातून पाणी आलं पाहिजे." तुला सोसेल का ते कळव, नाहीतर तुझ्यासाठी वेगळी वाटी सांगतो.