मशीन मिळतं, बल्ब मिळत नाही! वर्गातल्या पडद्यांसाठी पुन्हा एकदा आवाहन

सर्व माजी विद्यार्थी, पालक आणि शाळेवर प्रेम करणाऱ्या मंडळींना नमस्कार.

विषय तोच आहे, वर्गातले प्रोजेक्टर आणि नवे टच पॅनल (मोठ्या टीव्हीसारखे, बोटाने लिहिता येणारे पडदे). मागचं आवाहन ग्रुपवर टाकलं तेव्हा अंगठे भरपूर आले, "स्तुत्य उपक्रम" असंही बऱ्याच जणांनी लिहिलं, पण खजिनदारांकडे प्रत्यक्षात जे जमलं त्यात एका वर्गाच्या खिडक्यांचे जाड पडदेसुद्धा झाले नाहीत. वाईट वाटलं, ते लपवून काय करायचं. पण शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत, वायरिंगवाला रोज विचारतोय की पॉइंट नक्की कुठे काढू, मुख्याध्यापक बाईंना वेळापत्रक लावायचंय, त्यामुळे रुसून बसायला सवड नाही. म्हणून परत लिहितोय आणि यावेळी जरा सविस्तर लिहितोय, कारण "प्रोजेक्टर तर दिलाय ना आपण, आता परत कशाला?" असं विचारणारे खूप आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

आधी ज्यांनी दिलं त्यांची आठवण काढल्याशिवाय नवीन काही मागणं बरं दिसत नाही. नव्या बॅचना माहीत नसेल, पण आपल्या शाळेत पडद्यावर पहिलं चित्र उमटलं ते भूगोलाच्या बाईंमुळे. त्यांनी स्वतःच्या पगारातून स्लाइड प्रोजेक्टर घेतला होता, गोल ट्रेवाला, एका ट्रेमध्ये 80 स्लाइड बसायच्या. ज्वालामुखीचं मुख, हिमनदीने कोरलेली दरी, वाळवंटातले बारखाण (चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या), हे सगळं आम्ही त्या खट्ट खट्ट आवाज करत पुढे सरकणाऱ्या ट्रेमधूनच पाहिलं. कोडॅकने 2004 मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं बंद केलं, बाईंचा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालला. का चालला, तर तास संपला तरी पंखा थंड हवा मारत असेपर्यंत त्या प्लगला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, लेन्स स्वतःच्या हाताने मऊ फडक्याने पुसायच्या आणि जास्तीचा एक बल्ब कायम कपाटात ठेवायच्या. तो बल्बही स्वखर्चाने, हे आम्हाला त्या रिटायर झाल्यावर कळलं.

मग आला ओव्हरहेड प्रोजेक्टर, आपला लाडका ओएचपी. मंडळाने गोळा केलेली पहिली वर्गणी त्याच्यावर खर्च झाली आणि प्रयोगशाळेतले मामा ते धूड दोन जिने चढवून वर न्यायचे, कधी कुरकुर नाही. गणिताच्या सरांनी त्याचा जो वापर केला तसा मी नंतर कुठेही पाहिला नाही. एका पारदर्शक शीटवर निळ्या पेनने त्रिकोण, दुसऱ्यावर लाल पेनने त्रिकोण, दोन्ही काचेवर ठेवायचे आणि लाल शीट हळूहळू फिरवत, सरकवत निळ्यावर नेऊन बसवायची. तीन शिरोबिंदू तंतोतंत जुळले की वर्गातून आपोआप "आऽऽ" निघायचं. एकरूपता म्हणजे काय हे त्या दिवसानंतर कुणाला परत सांगावं लागलं नाही. गंमत म्हणजे ज्या पॉवरपॉइंटला आज सगळे नवीन तंत्रज्ञान म्हणतात, तो 1987 मध्ये मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर आला तेव्हा असल्याच पारदर्शक शीट तयार करायला आला होता, तेही काळ्या-पांढऱ्या. म्हणजे आपले सर त्याच वाटेवर होते, आणि त्यांच्याकडे रंगीत पेनं होती.

त्यानंतर छताला टांगलेला प्रोजेक्टर, त्याचं श्रेय संपूर्णपणे त्या एका बॅचला. कुठली ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशातल्या ताईने सगळ्यात मोठा वाटा उचलला, वायरिंगचं काम त्यांच्याच वर्गातल्या मित्राने फुकट करून दिलं, सुट्टीचा दिवस घालवून शिडीवर उभं राहून, आणि उद्घाटनाला तो स्वतः मागच्या रांगेत बसला होता, स्टेजवर ये म्हटलं तर आला नाही. अशी माणसं आपल्या शाळेने घडवलीत याचा आम्हाला अभिमान आहे.

आता खरं दुखणं सांगतो. तो प्रोजेक्टर आजही छताला आहे आणि त्याच्याखाली पोरं अंदाजाने वाचतात. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरच्या बल्बचं आयुष्य साधारण 3000 ते 5000 तास धरतात, आणि त्यातही कंपन्या आयुष्य संपलं कधी म्हणतात तर उजेड निम्म्यावर आला की. म्हणजे बल्ब एका दिवशी उडत नाही, तो महिनोन् महिने मंद होत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, आत तापलेला बल्ब तसाच राहतो आणि आयुष्य आणखी घटतं. त्यात खडूची धूळ फिल्टरवर बसते. बल्बसाठी, वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणाऱ्या यूपीएससाठी आम्ही किती वेळा विचारलं! मशीन द्यायचं म्हटलं की माणसं पुढे येतात, पाटी लागते, फोटो निघतो. बल्ब द्यायचा म्हटलं की ग्रुप शांत. दोष कुणा एकाचा नाही, पण पाटी चकचकीत आणि पडदा अंधारलेला ही परिस्थिती आपल्या शाळेला शोभत नाही.

दुसरा अनुभव स्मार्ट क्लासचा. एका कंपनीने धड्यांच्या व्हिडिओसकट सगळा सेट दिला होता, मोठं कौतुक झालं, मुलांनीही डोळे मोठे करून पाहिलं. लायसन्सची मुदत संपली आणि डबा उघडेना. मशीन ठणठणीत, आत सगळे धडे आहेत आणि पासवर्डवाचून सगळं बंद. विज्ञानाच्या बाईंनी त्याच्यावर बेतून वर्षभराचं नियोजन केलं होतं, ते सगळं वाया गेलं. युनेस्कोने 2023 मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला, त्यात म्हटलंय की या क्षेत्रातली उत्पादनं सरासरी दर 36 महिन्यांनी बदलतात आणि त्यांच्या फायद्याबद्दल चांगला, निःपक्षपाती पुरावा कमीच आहे. हे वाचल्यावर कमिटीने ठरवलं की यापुढे कुलूपबंद धडे घ्यायचे नाहीत. पडदा आपला, आणि साहित्य खुलं, इंटरनेट नसताना चालणारं. तसं भरपूर आहे. भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आहे, 2001 पासून चालू आहे, शाळांना मोफत. विज्ञानासाठी फेट आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं. त्यातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, डाउनलोड करून ठेवता येतात, काही मराठीतही आहेत. विद्युत परिपथ जोडा, बल्ब पेटवा, शॉर्ट करून बघा, हात भाजत नाही.

काही जण म्हणतात आम्ही खडू-फळ्यावर शिकलो, आमचं काय अडलं? काही अडलं नाही, मान्य. फळा काढायचा असं कुणी म्हणतही नाहीये, फळा राहणारच, सरांनी पायरी पायरीने सोडवलेलं गणित फळ्यावरच समजतं. पण कांद्याच्या पापुद्र्याची पेशी आठवा. आख्ख्या वर्गात एक सूक्ष्मदर्शक, सगळी पोरं रांगेत, प्रत्येकाला काही सेकंद, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने बघायचं, आणि अर्ध्याहून जास्त पोरांना दिसायची स्वतःचीच पापणी. मागून ढकलाढकली, म्हणून "दिसलं दिसलं" म्हणून पुढे जायचं आणि वहीत पुस्तकातलं चित्र काढायचं. आता त्याच सूक्ष्मदर्शकावर छोटा कॅमेरा बसवला की सगळा पापुद्रा पडद्यावर, भिंतीसारख्या रचलेल्या पेशी, प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका, आणि बाई बोट ठेवून सांगू शकतात की हे बघा, हे. आयोडीनचा थेंब टाकल्यावर रंग पसरत जाताना सगळ्यांनी एकदम पाहिला तेव्हा मागच्या बाकावरचं एक पोरगं, जे एरवी कधी हात वर करत नाही, ते उठून पडद्याजवळ आलं आणि म्हणालं, बाई, ही एक पेशी वेगळी का आहे? हा तास दहावीच्या वर्गात झाला, दोन वर्षांपूर्वी पालकांनी दिलेल्या पॅनलवर. आणि ज्या मुलीला नीट दिसत नाही, तिच्यासाठी पुस्तकाचं पान डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली (खाली ठेवलेला कागद पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) ठेवून मोठं करता येतं, तिला दुसऱ्याच्या वहीवर अवलंबून राहावं लागत नाही. बाकीच्या वर्गांनी काय पाप केलंय?

पॅनलच का, प्रोजेक्टर का नाही, हेही सांगतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, पडदा जेवढा काळा दिसेल तेवढाच काळा, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की चित्र पांढुरकं पडतं. शिवाय शिक्षक पुढे उभे राहिले की चित्रावर सावली आणि डोळ्यात झोत. पॅनलचा उजेड आतून येतो, बल्ब बदलायची भानगड नाही, अंधार करावा लागत नाही, म्हणजे पोरांना वहीत लिहिता येतं. साइजचं गणितही केलंय. या धंद्यातला जुना नियम असा की मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. 75 इंची पॅनलची (इंच तिरपे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात) उंची सुमारे 93 सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटरच्या थोडं पुढेपर्यंत ठीक. आपल्या मोठ्या वर्गात शेवटचा बाक 6 मीटरवर आहे, तिथे 86 इंचीच लागेल, त्याची उंची 107 सेंटिमीटर. लहान साइज घेऊन पैसे वाचवा असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा शेवटच्या बाकावर बसून बघावं.

पॅनललाही निगा लागतेच. त्याच्या चौकटीतून अदृश्य इन्फ्रारेड किरणांची जाळी जाते, बोटाने किरण अडला की टच कळतो. चौकटीच्या कडेला खडूची धूळ साचली की तिथे भुताने बोट लावल्यासारखं आपोआप लिहिलं जातं, शिक्षक वैतागतात आणि पॅनल बंद करून ठेवतात. रोज एक कोरडं फडकं फिरवलं की प्रश्न मिटतो. हे काम नववीच्या पोरांनी स्वतःहून अंगावर घेतलंय, आळीपाळीने.

शिक्षकांबद्दल एक. ते नवीन शिकायला तयार नाहीत हा जो आरोप होतो तो साफ चुकीचा आहे. बाई आणि सर शाळा सुटल्यावर थांबून शिकलेत. आम्ही त्यांना सांगितलं की स्लाइड वाचून दाखवू नका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलंय की चित्र समजावताना तेच शब्द पडद्यावरही आणि तोंडानेही आले की शिकणाऱ्यावर उलट भार पडतो. तर आमच्या इतिहासाच्या बाईंनी लगेच स्लाइडवरचा सगळा मजकूर काढून फक्त नकाशा ठेवला, आणि सैन्य कुठून कुठे गेलं ते बोटाने रेघ ओढत सांगितलं. यांच्या हातात चालू यंत्र द्यायचं की बंद, एवढंच आपल्याला ठरवायचंय.

आता हवंय काय ते घाईत: 6 वर्गांना पॅनल (4 मोठे, 2 लहान), प्रत्येकाला यूपीएस, जुन्या प्रोजेक्टरला नवीन बल्ब आणि त्या खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे, 2 डॉक्युमेंट कॅमेरे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देखभाल निधी, जो वेगळ्या खात्यात राहील आणि दुरुस्तीशिवाय कशालाही वापरला जाणार नाही, तसा ठराव झालाय. तिन्ही कोटेशन ऑफिसात बघायला ठेवलीत, आकडे तिथेच बघा, खात्याची माहिती खजिनदारांकडून घ्या (ग्रुपवर फॉरवर्ड झालेल्या नंबरवर पैसे पाठवू नका, आधी फोन करा), पावती त्याच आठवड्यात मिळेल, एकरकमी जमत नसेल तर दरमहा थोडं दिलं तरी चालेल, एका बॅचने मिळून एक वर्ग घेतला तर उत्तमच, महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणजे ऑर्डर देता येईल. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी वेळ द्यावा, भिंतीत ब्रॅकेट बसवणारा, अर्थिंग तपासणारा, जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये करून देणारा, सगळे हवेत. आणि यावेळी पाटीवर देखभाल निधी देणाऱ्यांची नावं सगळ्यात वर येतील, हे कमिटीत एकमताने ठरलंय.

वर्गणी मागताना संकोच वाटतो, पण पोरांसाठी मागतोय म्हणून मागतोय. अंगठा नको, फोन करा.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ

ता.क. घरातले बंद पडलेले कॉम्प्युटर, मॉनिटर कृपया शाळेत आणून ठेवू नका. मागच्या वेळचे अजून जिन्याखाली आहेत आणि मामांना झाडायला त्रास होतो. चालू लॅपटॉप असेल, चार्जरसकट, तर जरूर द्या.