खूण कोणाच्या घरावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला थॅलिडोमाइडवरचा लेख वाचून माझ्या वहिनींनी थोरल्या भावाची कॅप्सूल परस्पर दोन दिवस बंद ठेवली. भावाला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे आणि औषध आहे लेनालिडोमाइड. नावातलं साम्य बघून वहिनी घाबरल्या. साम्य खरंच आहे, हे थॅलिडोमाइडचंच धाकटं भावंड.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेसाठी आलेलं औषध, गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतलेलं, हातपाय खुंटलेली दहा हजारांवर मुलं, १९६१ च्या नोव्हेंबरात तिथल्या बाजारातून माघार. लेखातलं हे सगळं बरोबर. पण गोष्ट तिथेच संपवलीत. औषधाने नेमकं केलं काय, ते त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी कळलं.

रस्तारुंदीकरणात पाडायच्या घरांवर लाल खूण करतात, तसं पेशीत नको झालेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाचं छोटंसं प्रथिन चिकटवतात. (या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) खूण पडली की प्रोटिअसोम नावाची यंत्रणा ते प्रथिन मोडून टाकते. जेसीबीच तो, घर कोणाचं हे विचारत नाही. विचार करायचा तो ब्रश धरणाऱ्याने, म्हणजे युबिक्विटिन लायगेज या विकराने. माणसात त्यांचे सहाशेहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची घरं ठरलेली.

थॅलिडोमाइड ब्रश धरलेला तो हात पकडून भलत्याच दारावर नेतं. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की ते सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं, आणि सेरेब्लॉन म्हणजे अशाच एका लायगेजचा घर ओळखणारा भाग. मायलोमाच्या पेशी आयकॅरोस आणि आयोलॉस या दोन प्रथिनांवर तगून असतात. या दोन्ही औषधांमुळे खूण त्यांच्यावर पडते आणि त्या पेशी मरतात. भाऊ आज सकाळी फिरायला जातो तो यामुळे. गर्भात मात्र तीच खूण सॉल-४ या प्रथिनावर पडते, आणि हातपाय घडायच्या दिवसांत ते नसणं फार महाग पडतं. हे उमगलं २०१८ मध्ये. उंदरांचं सेरेब्लॉन नेमक्या मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, त्यामुळे त्यांच्यात ही खूण नीट पडतच नाही. उंदरांवरच्या चाचण्यांच्या भरवशावर राहणं किती फसवं होतं, ते यावरून दिसतं. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हे वर्गात सांगायचं राहून गेलं, कारण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे तारणारं आणि मारणारं काम एकच, फक्त दार वेगळं. आपल्या लेखाने घाबरवलं ते सत्तरीच्या रुग्णाच्या बायकोला. जिला सावध करायला हवं होतं ती आमची सूनबाई. तिला तिसरा महिना आहे, आणि सासऱ्यांची कॅप्सूल पाकिटातून काढून वाटीत ठेवायचं काम तिच्याकडेच होतं! इशारा खोक्यावर छापलेला होता, बारीक इंग्रजीत. औषध देताना तोंडी कोणीच काही बोललं नव्हतं.

येत्या रविवारी एवढी चौकट छापाल का? 'लेनालिडोमाइड, थॅलिडोमाइड, पोमॅलिडोमाइड : डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कॅप्सूल फोडू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या औषधाला हात लावू नये. उरलेल्या कॅप्सूल दुसऱ्या कोणाला देऊ नका.' अक्षर जरा मोठं ठेवा, वहिनींचा चष्मा जुना आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा